बिनफोडणीचं मटण

दुखान (कतार), २ डिसेंबर २०२३

दादा,

सुरुवातीला तीर्थरूप लिहिलं होतं, मग खोडलं. तुला ते शोभतं, माझ्या हातून शोभत नाही. बबीता वहिनी हे तुला वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढलंय. फोन तू उचलत नाहीस. सहा महिने मी रोज लावला. मग कासम म्हणाला, "मच्छीभाई, अब खलास करो," आणि मी खलास केलं. कासम म्हणजे माझ्या हाताखालचा स्वयंपाकी, हैदराबादचा. कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ, आपल्या घरात सहज खपला असता.

काल शुक्रवारची सुट्टी. चेतन लुसैलहून आला होता. तुझा पोरगा आता बस सोडून साहेबाची गाडी चालवतो, पोट सुटायला लागलंय. त्याला जेवायला वाढलं. दोन भाकऱ्या खाऊन झाल्यावर म्हणाला, "काका, पप्पा म्हणले आजीच्या वर्षाला तुमाला जमलं न्हाई तरी चालंल."

तू असं गोड बोलणारा नाहीस. मी म्हटलं, खरं काय म्हणाला ते सांग. तो ताटाकडे बघत म्हणाला, "येऊ नगो म्हनावं. आला तर दारातनं मागं लावीन."

हे मात्र तुझंच. ऐकून वाईट वाटलं असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. काही वाटलं नाही. मी चेतनला आणखी एक भाकरी हवी का विचारलं.

दादा, मला यायचं आहे. गेल्या मार्चमध्ये आई गेली आणि मी मातीला पोचलो नाही. दहाव्याला डोकं केलं नाही, घाटावर उभा राहिलो नाही. ते सगळं वर्षाला तरी करायचं आहे. अधिक महिन्यामुळे वर्ष लांबलंय, फाल्गुन वद्य नवमी ३ एप्रिलला येते. तेव्हा इथे रमजान चालू असेल, क्लबचं दुपारचं किचन बंद असेल, रजेची अडचण नाही. अडचण फक्त तुझी आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी येणार नाही.

त्या वेळी काय झालं ते तुला फोनवर सांगितलंच होतं. साहेबाने ऐन वेळी रजा अडवली, फोनही ऑफिसात जमा करून घेतला. माझा इलाज चालला नाही. परमुलखात असंच असतं.

मच्छिंद्र


दुखान, ९ जानेवारी २०२४

दादा,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच होतो. पण मी तुझाच भाऊ, रेटून लिहिणार.

अकरा वर्षं झाली मला इथे. तू एकदाही विचारलं नाहीस की तिथे काय शिजवतोस. आई विचारायची. तिचा फोन स्पीकरवर असायचा आणि तू बाजूला बसून न ऐकल्यासारखं करायचास. मधेच खाकरायचास, त्यावरून मला कळायचं. म्हणजे अर्धं तुझ्या कानावर आहे. उरलेलं आज सांगतो.

आमच्या क्लबात आयरिश लोकांची पंधरा-वीस घरं येतात. तेलाच्या कामावरचे इंजिनियर. सतरा मार्चला त्यांच्या एका संताचा दिवस असतो. तेव्हा हिरवे कपडे घालतात, गाणी म्हणतात, आणि त्या दिवशी त्यांना आयरिश स्टू पाहिजे म्हणजे पाहिजेच. मला तो डर्मट साहेबाने शिकवला. कंपनीतर्फे क्लबचा कारभार तोच बघतो. साठीचा माणूस आहे, कान लाल, हात भले मोठे. त्याच्या बापाची डोंगरावर दोनशे मेंढरं होती. हे कळल्यावर मी म्हटलं, आमचीही आहेत. तेव्हापासून तो रोज किचनमध्ये यायला लागला. आधी फक्त मॅनेजरशी बोलायचा.

त्यात काय असतं ते ऐक. मेंढीच्या मानेचं मटण, हाडासकट. कांदा, बटाटा, पाणी, मीठ. एक ओव्याच्या वासाचा पाला असतो, तो चिमूटभर. संपलं. हळद नाही, तिखट नाही, लसूण नाही. मटण परतायचंसुद्धा नाही. पांढरंच्या पांढरं.

आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "फोडनी न्हाई? मग कुनाचं सुतक हाय तितं?" तू तेव्हा खाकरला होतास.

मी ते डर्मट साहेबाला समजावून सांगितलं. आमच्यात माणूस गेलं की घरात फोडणी देत नाहीत, तळत नाहीत, हळद घालत नाहीत, म्हणून आई असं म्हणते. तो हसला नाही. म्हणाला, तुझी आई बरोबर आहे, हे गरिबाचं जेवण आहे. त्यांच्याकडे पूर्वी घरात एकच लोखंडी हंडा असायचा, चुलीवर साखळीने टांगलेला. भट्टी नाही, तवा नाही, तेल-तूप तर नाहीच. जे असेल ते त्या हंड्यात पडायचं आणि मंद जाळावर तासन्‌तास शिजायचं. आणि मेंढी कोणती, तर म्हातारी. कोवळी विकायची, कारण तिला भाव. दूध देणारी ठेवायची, कारण तिचं दूध. लोकरीची ठेवायची, कारण लोकर. दूध आटलं, लोकर विरळ झाली, दात पडले, की मग ती हंड्यात. म्हणून एवढा वेळ शिजवायचं. म्हातारी मेंढी घाईने शिजत नाही.

हेही आईला सांगितलं. तुला माहीत आहे, आपल्याकडे दात पडलेली मेंढी खाटकाला द्यायची नाही हा तिचा नियम. मग म्हणाली, "दूध प्यालं, लोकर पांघारली, आन् वर तिलाच शिजिवली?" आणि थोड्या वेळाने, "पर मेल्यावर पुरन्यापरीस बरं. कुनाच्या पोटात तरी जाती." असा तिचा न्याय. दोन्हीकडून बोलायची आणि दोन्हीकडून जिंकायची.

बटाटा त्यांच्याकडे नंतर आला, समुद्रापलीकडून. पण आला तो असा, की गरिबाला दुसरं काही उरलंच नाही. सकाळी बटाटा, संध्याकाळी बटाटा. मग पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्याला रोग पडला. जमिनीतून काढावा तर काळा, हातात घ्यावा तर पाणी. एक वर्ष नाही, ओळीने काही वर्षं. लाखो माणसं मेली आणि लाखो जहाजात बसून गेली. गेली ती परत आली नाहीत. स्टू मात्र बरोबर घेऊन गेली. तिकडे म्हातारी मेंढी मिळेना तर दुसरं मटण घातलं, गाजर घातलं, जव घातले. गाजरावरून त्यांच्यात अजून भांडणं होतात, आपल्याकडे मिसळीवरून होतात तशी. डर्मट साहेब म्हणतो, ज्याच्या स्टूत गाजर, तो घर सोडून गेलेला माणूस. मी विचारलं, तुमच्या घरी काय घालतात? तो म्हणाला, "बायको गाजर घालते. मी तिकडे बघत नाही." तीस वर्षं झालीत त्याला घर सोडून.

आणखी एक रीत आहे. बटाटे दोन जातींचे घ्यायचे. भुसभुशीत खाली, ते विरघळून रस दाट करतात. घट्ट वर, ते तसेच राहतात. एकदा थर लावून झाकण ठेवलं की ढवळायचं नाही. ढवळलं तर सगळ्याचा गाळ होतो. माणसाने बाजूला बसायचं, इतकंच काम. आपल्या रश्श्यात हात सतत चालू असतो. यात हात रिकामे असतात. मला ते सुरुवातीला फार जड गेलं.

असो. ३ एप्रिलचं तेवढं बघ.

वहिनी, पुढची ओळ दादाला वाचून दाखवू नका. तो नीट जेवतो का? चेतन म्हणाला, पप्पा वाळलेत.

मच्छिंद्र


दुखान, ११ फेब्रुवारी २०२४

दादा,

इथे सध्या हवा छान आहे. लोक मुलांना घेऊन समुद्रावर जातात. मीही गेलो होतो. वाळूवर बसलो आणि परत आलो. कासमने विचारलं, कसं होतं? मी म्हटलं, होतं.

तुला एक सांगायचं आहे. इथे कासमशिवाय कुणाला माहीत नाही. अकरा महिने मी मटण चाखलेलं नाही. शिजवतो. रोज तीस-चाळीस किलो हाताखालून जातं. बिर्याणी, अरबांचा मंदी भात, कबाब, साहेबांचे रोस्ट. पण चमचा तोंडाला लावत नाही. कासम चाखतो आणि बोटांनी दाखवतो. एक बोट म्हणजे मीठ कमी, दोन म्हणजे तिखट कमी, मूठ म्हणजे ठीक. सुरुवातीला त्याला वाटलं माझं पोट बिघडलंय. मग त्याने एकदा सरळ विचारलं. मी सांगितलं, आई गेली, आमच्यात सुतक असतं. तो म्हणाला, "कितने दिन का?" मी म्हटलं, दहा-तेरा. त्याने बोटं मोजली आणि माझ्याकडे बघितलं.

दादा, तुझं तेराव्या दिवशी फिटलं. डोकं केलंस, आंघोळ केलीस, गाव जेवलं. वहिनींनी फोडणी दिली असेल आणि घरात लसणाचा वास सुटला असेल. संजीवनीचंही फिटलं, ती तिथेच होती. आता मिरजेला माहेरी असते, फोनवर आमच्या पोरीच्या शाळेपुरतं बोलते आणि ठेवते. माझं कुणी फेडलंच नाही. इथे एका मराठी इंजिनियरबाईंना विचारलं, शैलजाताई म्हणून आहेत, पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "अहो, मनाने फेडायचं. आंघोळ करा आणि देवाला नमस्कार करा." मी आंघोळ केली. नमस्कारही केला. दुसऱ्या दिवशी चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला. थोरल्या भावाने पाणी दिल्याशिवाय हे फिटणार नाही, असं डोक्यात बसलंय. वेडेपणा म्हण हवं तर. स्वयंपाक्याने न चाखता किती दिवस काढायचे? कासमला कुवेतला जास्त चांगली नोकरी लागतेय. तो गेला की माझं हे उघडं पडणार आणि मग इथलं कामही जाणार. पण त्याचं दुःख आहे, असंही नाही. दुःख कुठे आहे ते मला सापडत नाही. आई गेल्यापासून मी एकदाही रडलो नाही.

क्लबवाल्यांनी यंदाचा स्टू आधी मागितलाय, ७ मार्चला. सतराला रमजान असेल म्हणून. डर्मट साहेबाचं हे शेवटचं वर्ष, एप्रिलमध्ये तो निवृत्त होऊन घरी जातोय.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. फोनवरही तेच खोटं सांगितलं होतं. साहेबाने रजा अडवली नव्हती. अर्ध्या तासात मिळाली होती. तिकीटही कंपनीने काढलं. त्या साहेबाचं नाव डर्मट, त्यानेच सही केली. त्याच्या नावावर माझं पाप नको, म्हणून आधी हे.

मग मी का आलो नाही, ते या पत्रात लिहिणार होतो. तीन वेळा बसलो. बसलो की हात कांदे चिरायला जातात. आज कांदे खूप झालेत.

मच्छिंद्र


दुखान, ९ मार्च २०२४

दादा,

मेसईदच्या प्लांटवरचा एक माणूस सांगलीला चाललाय, त्याच्या हाती हे देतो. चार दिवसांत पोचेल. वहिनी, हे सगळं वाचा. कुठे थांबू नका.

१६ मार्चला सकाळी आठ वाजता तुझा फोन आला. तू म्हणालास, "मच्छिंद्रा, आई गेली." मी म्हटलं, "बरं." तुला आठवत असेल. तू म्हणालास, "ये. तवर ठेवतो आम्ही तिला." मी परत "बरं" म्हटलं.

आदल्या दिवशी मटण आलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या क्लबची मिळून एकशे ऐंशी पानं उठायची होती. स्टू एक दिवस आधी करतात, मुरला की चांगला लागतो. गाडी दोन वाजता येणार होती, विमान साडेसहाचं होतं. दुखानहून दोहा तासाभराचा रस्ता. म्हणजे माझ्या हातात सहा तास होते आणि बॅग भरायला दहा मिनिटं पुरतात. कासम म्हणाला, तुम्ही बसा, मी करतो. मी म्हटलं, थर मी लावतो, तुला जमणार नाही. बटाटे सोलले. मानेचे तुकडे निवडले. भुसभुशीत खाली, मग मटण, मग कांदा, मग घट्ट बटाटे. चार मोठी पातेली. बारा वाजता झाकणं ठेवली आणि स्टूल घेऊन बाजूला बसलो.

त्याला ढवळायचं नसतं, हे मागे लिहिलंय. नुसतं बसायचं.

दोनला गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मला ऐकू आला. मागून कासम म्हणाला, "यल्ला, चलो मच्छीभाई, गाडी." मी म्हटलं, हो. माझी बॅग दाराशी होती, पासपोर्ट खिशात होता. उठायचं होतं, इतकंच. मी पातेल्याकडे बघत होतो. झाकणाच्या कडेने वाफ येत होती. दादा, मी कुणाचा राग धरून बसलो नव्हतो. साहेबाची भीती नव्हती, मुकादमीची हाव नव्हती. काही असतं तर तुला सांगितलं असतं, कारण मग तुला धरायला काहीतरी मिळालं असतं. मी फक्त उठलो नाही. हॉर्न परत वाजला. मग मी खिशातून फोन काढला, तुला लावला आणि म्हणालो, "दादा, निघालो." मी स्टुलावर बसून म्हणालो. फोन बंद केला आणि पिठाच्या डब्यात ठेवला.

ड्रायव्हर अर्धा तास थांबला. कासमने मला हाताला धरून उठवायचा प्रयत्न केला. मी जड झालो होतो, असं तो नंतर म्हणाला. साडेतीनला मी झाकण उघडलं. स्टू झाला होता.

चेतन एअरपोर्टवर आला होता. कामाला लागून त्याला चारच महिने झाले होते, त्याला रजा नव्हती. आजीला पांघरायला शाल घेऊन आला होता माझ्याजवळ द्यायला. तीनपासून सातपर्यंत उभा होता. पुढच्या शुक्रवारी मी त्याला विचारलं, पप्पांना काय सांगितलंस? म्हणाला, काही नाही. त्याने वर्षभर तुझ्यापासून लपवलं, ते माझ्यासाठी. त्याला बोल लावू नको. शाल त्याच्याकडेच आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टू वाढला. मीठ मी शेवटी घालतो, चाखून. चाखायला चमचा घेतला आणि लक्षात आलं की मला सुतक आहे. मटण तोंडाला लावायचं नाही. चमचा ठेवला. मीठ घालायचं राहिलं, ते तसंच गेलं. बघ दादा, मातीला गेलो नाही आणि सुतक मात्र पाळलं. असला शहाणा आपल्या सात पिढ्यांत झाला नसेल.

एकशे ऐंशी माणसं अळणी जेवली आणि कुणाला कळलं नाही. त्यांच्यात मीठ टेबलावर असतं, ज्याने त्याने शिंपडून घेतलं. मी दाराआडून बघत होतो. कुणीतरी ओरडेल, मला बोलावून घेतील, काढून टाकतील, असं वाटत होतं. सगळे गात होते. डर्मट साहेबाला तेवढं कळलं. त्याने एक घास घेतला आणि बशी तशीच ठेवून आत आला. मला बघितलं. हिंदुस्थानात असायला हवा होता तो माणूस त्याच्यासमोर एप्रन बांधून उभा. त्याने विचारलं, "तू गेला नाहीस?" मी म्हटलं, "उद्या जाणार." तो म्हणाला, त्यांच्या गावाकडे मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. घरात ठेवतात आणि कुणीतरी पूर्ण वेळ जवळ बसतं. मग विचारलं, "तुझ्या आईजवळ कोण बसलंय?" मी म्हटलं, "माझा भाऊ."

तो वळून बाहेर गेला. त्यानंतर किचनमध्ये तो पाय ठेवत नाही.

मग मी पिठाच्या डब्यातून फोन काढला आणि तुला लावला. रजा अडवली म्हणून सांगितलं. तुझ्या मागे बायका रडत होत्या. बर्फाचं मला संजीवनीने नंतर सांगितलं. जतहून लाद्या आणल्या, दोनदा बदलल्या, दुसऱ्या दिवशी दिवस मावळेपर्यंत ठेवली. मार्चचं ऊन आपल्याकडचं. लोक काय काय म्हणाले असतील. आईला माझ्यासाठी बर्फावर ठेवलीस आणि मी स्टुलावर बसलो होतो.

परवा ७ तारखेला परत स्टू केला. थर लावले, झाकण ठेवलं आणि कासमला म्हटलं, तू बस, मला इथे बसवत नाही. बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो. हे वर्षभरातलं एकच, जे मला नक्की जाणवलं. तिथे बसवत नाही.

हे एवढं आहे. यात काही जोडायचं नाही आणि काही कमीही करायचं नाही. आता तू नको म्हणालास तर मी येणार नाही, आणि परत लिहिणारही नाही. माझ्या वाटणीचं पाणी तू तुझ्या हाताने सोड, आणि नाही सोडलंस तरी तुझा दोष नाही.

मच्छिंद्र


वाडी, ता. जत, २२ मार्च २०२४

मच्छिंद्र भाऊजी,

हा कागद फोटो काढून चेतनच्या फोनवर पाठवते, तो तुम्हाला दाखवील. तुमचे चारही कागद मी ह्यांना वाचून दाखवले. ही ओळ वाचू नका म्हणून लिहिलं होतं ती पण वाचली. आमच्यात गाळून वाचायची पद्धत नाही. जेवतात, पण कमी.

पहिला कागद ऐकला तेव्हा "खोटं हाय" एवढं म्हणाले. मी विचारलं, तुम्हाला काय माहीत? तर उठून गेले. मेंढीचा आणि बटाट्याचा कागद मात्र दोनदा वाचायला लावला. शेवटचा कागद ऐकून आठ दिवस गप्प होते. काल रात्री जेवण झाल्यावर म्हणाले, घे लिहून. त्यांनी सांगितलं तसं लिहिते, माझं काही घालत नाही.

"मच्छिंद्रा, चेतननं लपिवलं न्हाई. त्येचा फोन मला त्याच दिशी रातीला आला हुता. काका आलं न्हाईत, इमान गेलं म्हनला. रडत हुता. कुनाला सांगू नगंस म्हनून म्याच त्येला गप केला. तुझ्या वैनीलाबी बोललो न्हाई. म्हंजी तू येत न्हाईस, ह्ये मला ठावं हुतं. तरी आईला ठिवली. बरफ संपला तवा दुसरा आनाया लावला. लोक म्हनत हुती, धनाजी, किती येळ ठिवतूस, उचला आता. म्या म्हनलं, त्यो वाटंत हाय. समद्यांदेखत खोटं बोललो. मला वाटलं, उठंल. रातच्या इमानानं न्हाई तर सकाळच्या इमानानं ईल. दुपार झाली तवाबी वाटलं. दिस खाली गेला तवा उचलली.

राग हाय. त्यो जायाचा न्हाई, आन् तू आल्यावर गोड बोलीन आसंबी न्हाई. पर वर्सभर मी बघत हुतो, तू सोताच्या तोंडानं सांगतूस का. आता तितं बसून ऱ्हाऊ नगं. ऊठ."

एवढं सांगून हे मेंढरांकडं गेले, अजून आले नाहीत. सकाळी न्हावी आला होता. नवमीला दोन डोकी करायची आहेत म्हणून त्याला ह्यांनी आधीच सांगून ठेवलंय, असं तो म्हणाला. तेवढं मी आपलं कळवते.

बबीता